राजा ठेवावा की काढावा? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनमध्ये राज्याभिषेक झाला, डेन्मार्कच्या राणीने गादी सोडली किंवा काठमांडूत राजाच्या बाजूने मोर्चा निघाला, की तेच प्रश्न नव्याने येतात. विचारणारी बहुतेक स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी. काही निवृत्त शिक्षक. आणि काही जण पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातून सोलापुरात आलेल्या घरांतले. त्यांच्या घरात ‘राजा’ हा अजूनही पुस्तकातला विषय झालेला नाही. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. सर, आज जगात राजे उरलेत तरी किती? आणि सगळे सारखेच का?

४३ सार्वभौम देशांचा प्रमुख राजा, राणी, सुलतान, अमीर किंवा तसाच कोणीतरी आहे. यातले १५ देश एकट्या तिसऱ्या चार्ल्सच्या नावावर आहेत: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका वगैरे. त्यामुळे देश ४३ असले तरी गाद्या बऱ्याच कमी आहेत.

सारखे तर अजिबात नाहीत. सौदी अरेबिया, ब्रुनेई, इस्वातिनी इथे राजा खरोखर राज्य करतो. स्वीडन, नॉर्वे, जपान, नेदरलँड्स इथे तो राज्य करत नाही. सरकार निवडून येतं आणि राजा समारंभांना उभा राहतो. मोरोक्को, जॉर्डन, थायलंड मध्ये कुठेतरी आहेत. तिथे संसद आहे, निवडणुका होतात, पण राजवाड्याला न विचारता फार पुढे जाता येत नाही. ‘राजेशाही चांगली की वाईट’ असं एका दमात विचारलं की या तिन्ही प्रकारांची खिचडी होते. म्हणून खालची बहुतेक उत्तरं दुसऱ्या प्रकाराबद्दल आहेत. पहिल्या प्रकाराची बाजू घेणारं पत्र मला अजून कोणी पाठवलेलं नाही.

२. राज्य करत नाही म्हणता, मग तो राजा दिवसभर करतो काय?

सह्या करतो, परदेशी पाहुण्यांचं स्वागत करतो, संसदेचं अधिवेशन उघडतो, पंतप्रधानाला नेमतो. नेमतो म्हणजे बहुमत ज्याच्याकडे आहे त्यालाच नेमतो. ब्रिटनमध्ये संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजगादीने संमती नाकारल्याचं शेवटचं उदाहरण १७०८ सालचं, राणी ॲनच्या काळातलं आहे. तेही तिने मंत्र्यांच्या सल्ल्यानेच केलं होतं.

स्वीडनने तर सहीसुद्धा काढून घेतली. १९७४ च्या नव्या राज्यघटनेनुसार तिथला राजा कायद्यावर सही करत नाही आणि पंतप्रधानही नेमत नाही. पंतप्रधान निवडण्याची प्रक्रिया संसदेचा सभापती चालवतो. जपानच्या १९४७ पासूनच्या राज्यघटनेत सम्राट हे ‘राष्ट्राचं आणि जनतेच्या एकतेचं प्रतीक’ आहेत आणि राज्यकारभाराचे कोणतेही अधिकार त्यांना नाहीत.

अडचण येते ती राजाला सही करायचीच नसते तेव्हा. बेल्जियमचे राजे बोदुआँ कट्टर कॅथलिक. १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला त्यांनी सद्सद्विवेकाचं कारण देऊन नकार दिला. मग मंत्रिमंडळाने काय करावं? राजा ‘राज्य करण्यास असमर्थ’ असल्याचं जाहीर केलं, स्वतःच कायदा लागू केला आणि संसदेने लगेच राजाला पुन्हा गादीवर बसवलं. लक्झेंबर्गमध्ये २००८ साली इच्छामरणाच्या कायद्यावरून असाच पेच आला, तेव्हा त्यांनी राज्यघटनाच बदलून ग्रँड ड्यूकच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, संमतीची अट काढून टाकली. मला लक्झेंबर्गची रीत जास्त सरळ वाटते.

३. ‘राजा नावाला आणि कारभार दुसऱ्याकडे’ असं आपल्याकडे कधी होतं का?

होतं की! आणि त्याचा करार आपल्याच जिल्ह्यात, सांगोल्यात झाला. डाळिंब आणि सूतगिरणीसाठी सांगोलं सगळ्यांना माहीत आहे, पण हे मुलांना सांगितलं की ती चकित होतात.

छत्रपती शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये साताऱ्याला वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे गादीवर आले. पुढच्याच वर्षी, १७५० मध्ये, सदाशिवरावभाऊ त्यांना घेऊन सांगोल्याला आले आणि तिथे कारभाराचे अधिकार पेशव्यांच्या हाती देणारा करार झाला. त्यानंतर छत्रपती साताऱ्याला आणि सत्ता पुण्याला. तरीही प्रत्येक नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. वस्त्रं नाकारायची ताकद गादीत उरली नव्हती, पण ती घेतल्याशिवाय पेशवा झाल्याचं कोणी मानत नव्हतं. ब्रिटिश राजाची आजची सही याहून फार वेगळी नाही.

पण पुढे काय झालं तेही बघा. पेशवेपद बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये कर्तबगारीवर मिळालं होतं. त्यांच्यानंतर मुलगा, मग नातू, असं करत तेही वंशपरंपरेचं झालं. १७७४ मध्ये सवाई माधवरावांना वस्त्रं मिळाली तेव्हा ते ४० दिवसांचे होते. साहजिकच कारभार बारभाईंकडे आणि हळूहळू नाना फडणविसांकडे गेला. म्हणजे छत्रपती नामधारी, त्यांच्या नावाने कारभार करणारा पेशवाही नामधारी. जन्मावर पद दिलं की कधी ना कधी पाळण्यातलं बाळ त्या पदावर येतंच.

सांगोल्याच्या करारात राजाचे हात बांधले गेले. पण ज्यांच्या हाती कारभार गेला, त्यांना खाली उतरवण्याची सोय रयतेकडे नव्हती, कोणाकडेच नव्हती. नॉर्वे किंवा जपानचा नामधारी राजा आणि सातारची गादी यांत हाच मोठा फरक आहे.

४. फिरवून नको, थेट सांगा. तुमचं मत काय, राजा असावा की नाही?

जन्मावरून पद मिळणं मला पटत नाही. पाटबंधारे खात्यातल्या शिपायाच्या जागेलाही अर्ज करावा लागतो, आणि राष्ट्रप्रमुखाच्या जागेला नुसतं जन्माला यावं लागतं, हे कुठल्याही बाजूने बघितलं तरी विचित्रच आहे.

तरीही सोलापुरात बसून स्वीडनच्या राजाला घरी पाठवायची मला घाई नाही. एखादी राजेशाही टिकावी की जावी याचा विचार करताना मी एकच गोष्ट बघतो: उद्या ती काढायची झाली तर कोण काढू शकतं, आणि कोणत्या मार्गाने? स्वीडनमध्ये मूलभूत कायदा बदलायला संसदेने तोच ठराव दोनदा मंजूर करावा लागतो, आणि मध्ये एक निवडणूक व्हावी लागते. तेवढं केलं की राजा गेला. ना रक्तपात, ना कोणाची परवानगी. अशा देशात राजा ठेवणं ही त्या लोकांची हौस आहे, आणि ती त्यांची त्यांनी फेडावी. जिथे हा मार्ग बंद आहे किंवा त्याबद्दल बोलणंच गुन्हा आहे (प्रश्न १३), तिथे आधी राजाचे अधिकार जायला हवेत. मुकुटाचं काय करायचं ते मग पाहता येईल. आणि जिथे राजेशाही एकदा गेली, तिथे ती परत आणावी असं एकही कारण मला दिसत नाही (प्रश्न १२).

५. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क एवढे सुखी आहेत. म्हणजे राजा असणं फायद्याचंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. लोकशाहीच्या जागतिक क्रमवारीत हे देश वरच असतात, ते खरं आहे. पण फिनलंड, आइसलंड, आयर्लंडही वरच असतात, आणि तिथे राजा नाही.

कारण आणि परिणाम इथे उलटे लावले जातात. ज्या राजांनी वेळेवर सत्ता सोडली, त्यांच्याच गाद्या टिकल्या. ज्यांनी धरून ठेवली त्यांच्या गेल्या, म्हणून ते आज या यादीत दिसतच नाहीत. इटलीने २ जून १९४६ च्या सार्वमतात सुमारे ५४ टक्के मतांनी राजा काढला. ग्रीसने डिसेंबर १९७४ मध्ये जवळजवळ ६९ टक्क्यांनी काढला. उरलेल्या राजांकडे बघून ‘राजेशाही सुखाची’ म्हणणं म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत शेवटपर्यंत टिकलेल्या पहिलवानांकडे बघून ‘कुस्तीत कोणाला लागत नाही’ म्हणण्यासारखं आहे.

नॉर्वेची गोष्ट मात्र खरंच वेगळी. १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळं झाल्यावर लोकांनी राजा हवा की नको यावर मतदान केलं, आणि सुमारे ७९ टक्क्यांनी हवा म्हटलं. डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल राजा व्हायला तयार होता, पण आधी लोकांना विचारा, अशी त्याचीच अट होती. तोच हाकोन सातवा. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या क्विस्लिंगला पंतप्रधान नेमा म्हणून दडपण आणलं, तेव्हा हाकोनने मंत्रिमंडळाला सांगितलं की तुम्ही मान्य करणार असाल तर मी गादी सोडतो. मंत्रिमंडळाने मान्य केलं नाही.

६. संकटात राजा देशाला वाचवतो म्हणतात. स्पेनच्या राजाने लष्करी बंड मोडलं होतं ना?

मोडलं होतं. २३ फेब्रुवारी १९८१ ला लेफ्टनंट कर्नल तेहेरो पिस्तूल घेऊन स्पेनच्या संसदेत घुसला आणि खासदारांना ओलीस धरलं. रात्री उशिरा राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरदर्शनवर आले, राज्यघटनेच्या बाजूने बोलले, आणि सकाळपर्यंत बंड विझलं. सेनाधिकाऱ्यांनी ऐकलं ते राजाचं, पंतप्रधानाचं ऐकलं असतं का, शंकाच आहे. राजेशाहीच्या बाजूचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते मी टाळत नाही.

पण त्याच देशात १९२३ मध्ये जनरल प्रिमो दे रिव्हेराने सत्ता बळकावली तेव्हा हुआन कार्लोसांचे आजोबा, तेरावे अल्फोन्सो, यांनी त्यालाच सरकार बनवायला बोलावलं. इटलीत १९२२ साली मुसोलिनीची माणसं रोमकडे निघाली, तेव्हा मंत्रिमंडळाने लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता. राजा तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने सही केली नाही, आणि मुसोलिनीला पंतप्रधान केलं. नेपाळमध्ये १ फेब्रुवारी २००५ ला संकट राजानेच आणलं: ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त केलं, नेत्यांना स्थानबद्ध केलं, फोन बंद केले.

म्हणजे ऐन वेळी राजा कोणत्या बाजूला उभा राहील याचा नेम नाही. हुआन कार्लोस १९८१ मध्ये योग्य बाजूला होते. पुढे पैशांच्या भानगडी बाहेर आल्या, २०१४ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि २०२० मध्ये देशही. राज्यघटनेने राजाला खटल्यापासून संरक्षण दिलेलं असल्यामुळे गादीवर असतानाच्या गोष्टींवर कारवाई होणं अवघडच होतं.

७. राजघराण्यावर केवढा खर्च! तो पैसा शाळांवर घालायला नको का?

ब्रिटनमध्ये २०२४-२५ साठी राजघराण्याच्या अधिकृत कामाला ८ कोटी ६३ लाख पौंड मंजूर झाले. यात सुरक्षेचा खर्च धरलेला नाही, तो वेगळा आणि जाहीर होत नाही. रक्कम मोठी आहे, पण सरकारी अंदाजपत्रकात तिचा पत्ताही लागत नाही. निवडलेल्या राष्ट्रपतीलाही निवास, कर्मचारी, सुरक्षा लागतेच. आपलं राष्ट्रपती भवन काही दोन खोल्यांचं नाही.

पर्यटनाचा उलटा मुद्दाही तितकाच लंगडा आहे. म्हैसूरचा राजवाडा बघायला सोलापुरातून दरवर्षी बसच्या बस भरून जातात. तिथे आज राज्य करणारा राजा असता तर उलट फाटक बंद असतं. पैशाच्या मुद्द्यावर राजेशाही वाचतही नाही, बुडतही नाही. पुढे जाऊ.

८. निवडलेला राष्ट्रपती तरी कुठे निःपक्ष असतो? राज्यपालांचं आपण बघतोच की.

बरोबर. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तीही मंत्रिमंडळाची बैठक होण्याआधी. दुसरीकडे १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा प्रस्ताव फेरविचारासाठी परत पाठवला, आणि सरकारने तो सोडून दिला. माणूस कसा निघेल हे निवडणुकीनेही आधी कळत नाही.

फरक मुदतीचा आहे. भारताचा राष्ट्रपती ५ वर्षांनी पायउतार होतो, आयर्लंडचा ७ वर्षांनी. जर्मनीत ५ वर्षांची मुदत, आणि सलग दोनदाच. महाभियोगाचा रस्ताही असतो. वाईट राजा मिळाला तर त्याच्या आयुष्यावर डोळे लावून बसावं लागतं, आणि राजघराण्यातली माणसं बऱ्याचदा दीर्घायुषी असतात.

९. सर, तुम्ही मार्शल लॉच्या गावचे. इंग्लंडच्या राजाबद्दल इतकं मवाळ कसं बोलता?

हा प्रश्न रागाने आला होता, आणि राग समजण्यासारखा आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्या काळच्या फौजदारी खटल्यांच्या शीर्षकातच सरकारच्या जागी ‘सम्राट’ असे. चार हुतात्मा पुतळ्याजवळून रोज जाणाऱ्याला हे विसरता येत नाही.

पण तेव्हा लंडनमध्ये सत्ता कोणाच्या हाती होती? पाचव्या जॉर्जच्या नव्हे. निवडून आलेल्या मजूर पक्षाच्या, पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या सरकारच्या हाती होती. सोलापुरात मार्शल लॉ लागला तो एका संसदीय लोकशाहीच्या काळात, नामधारी राजाच्या नावाने. ब्रिटनने आदल्या दिवशी राजा काढला असता तरी मंगळवार पेठेत लष्कर आलंच असतं. फ्रान्समध्ये तर राजा नव्हताच, तरी अल्जीरिया आणि व्हिएतनामवर त्याने राज्य केलं.

मला इथे राजापेक्षा त्याच्या नावाचा वापर खटकतो. हुकूम मंत्री आणि अधिकारी देतात, आणि कागदावर नाव अशा माणसाचं असतं ज्याला जाब विचारता येत नाही. नामधारी राजा निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांनी या आडोशाचाही हिशेब धरावा.

१०. राजर्षी शाहू महाराज, सयाजीराव गायकवाड... यांच्यासारखे राजे असतील तर निवडणुका कशाला हव्यात?

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. ब्रिटिश मुलखात, म्हणजे आपल्या सोलापुरातही, यातलं काही तेव्हा नव्हतं. त्यांचं मोठेपण वादातीत आहे.

पण संस्थानं साडेपाचशेच्या वर होती. त्यातले किती शाहू आणि किती सयाजीराव? बडोद्याच्या शेतकऱ्याला चांगला राजा मिळाला तो नशिबाने. नळदुर्गच्या शेतकऱ्याला निजाम मिळाला तोही नशिबानेच. तिथल्या लोकांना रझाकारांपासून पळून सोलापुरात आसरा घ्यावा लागला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत सीमेलगत सोलापूर हद्दीत मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांची शिबिरं होती. असं घर तुमच्या गल्लीत असेल तर आजी-आजोबांना विचारा.

याच यादीत मला एक नाव घालायचं आहे, ते लोक विसरतात. औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. गावपंचायती, त्यांच्यावर तालुका, वर प्रतिनिधींची सभा. आटपाडी याच संस्थानात होतं, सांगोल्याला लागूनच. तिथली स्वतंत्रपूरची खुली वसाहत, कैद्यांना कुंपणाशिवाय ठेवणारी, त्याच काळातली. राजा एवढा चांगला होता, आणि त्याने केलं काय, तर आपल्यासारखा राजा मिळण्यावर प्रजेला अवलंबून राहावं लागणार नाही अशी सोय केली.

११. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारताचा राजा कोण होता? परीक्षेत पर्याय बघून गोंधळ झाला.

सहावा जॉर्ज. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत स्वतंत्र, पण डोमिनियन होता, आणि राष्ट्रप्रमुख राजाच होता. त्याच्या वतीने आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. पाकिस्तान तर २३ मार्च १९५६ पर्यंत डोमिनियन राहिला, म्हणजे दुसरी एलिझाबेथ काही वर्षं पाकिस्तानची राणी होती.

याहून तिरका प्रश्न: प्रजासत्ताक झाल्यावर भारतात राजे अधिकारपदावर होते का? होते. मोठ्या संस्थानांच्या जागी बनलेल्या राज्यांत राज्यपालाऐवजी ‘राजप्रमुख’ असे. हैदराबादचे राजप्रमुख होते खुद्द निजाम मीर उस्मान अली खान, १९५० ते १९५६. म्हणजे तुळजापूरच्या माणसाने १९४८ मध्ये निजामशाही जाताना पाहिली, आणि पुढची काही वर्षं तोच निजाम राज्यघटनेनुसार राज्याचा प्रमुख म्हणूनही पाहिला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे पद गेलं.

जोडप्रश्न नेहमी येतो: तनखे बंद करणं हा वचनभंग नव्हता का? होता. विलीनीकरणाच्या करारांत सालिना तनख्याचा शब्द दिला होता, राज्यघटनेच्या कलम २९१ मध्ये तो लिहिला होता, आणि सरदार पटेलांनी घटना समितीत त्याची बाजू मांडली होती. १९७० मध्ये घटनादुरुस्ती राज्यसभेत थोडक्यात पडली. मग राष्ट्रपतींच्या हुकमाने राजांची मान्यता काढली, तो हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शेवटी डिसेंबर १९७१ च्या २६ व्या दुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही संपवली. शब्द मोडला हे खरं, पण पिढ्यानपिढ्या चालणारा तनखा समान नागरिकांच्या देशात किती काळ टिकणार होता? मला वाटतं ठरावीक वर्षांत कमी कमी करत नेला असता तर शब्दही राहिला असता.

याच संदर्भात अक्कलकोटहून येणारा प्रश्न: आमच्याकडे अजून राजघराण्यातल्यांना ‘महाराज’ म्हणतात, ते बेकायदा आहे का? नाही. १९४८ च्या विलीनीकरणानंतर संस्थान उरलं नाही, आणि १९७१ नंतर सरकारी मान्यताही. लोकांनी आदराने काय हाक मारावी यात कायदा पडत नाही. राजवाड्यातलं शस्त्रागार मात्र बघण्यासारखं आहे, स्वामींच्या दर्शनाला जाल तेव्हा वेळ काढा.

१२. नेपाळमध्ये लोक राजा परत मागतायत. गेलेली राजेशाही परत येते का?

कधी कधी येते. स्पेनमध्ये १९७५ मध्ये आली, कंबोडियात १९९३ मध्ये. दोन्हीकडे मधली दशकं हुकूमशाही किंवा यादवीची होती.

नेपाळची राजेशाही संविधान सभेने २८ मे २००८ ला ५६० विरुद्ध ४ मतांनी संपवली. सुमारे २४० वर्षांचं शाह घराणं एका संध्याकाळी सामान्य नागरिक झालं. नंतरच्या काळात सरकारं सारखी पडली, तीच ती तोंडं पंतप्रधान होत राहिली, पोरं कामासाठी आखातात गेली. राग खरा आहे. पण जो राजा हवा म्हणतात तो ज्ञानेंद्र, आणि २००५ मध्ये त्यांनी काय केलं ते प्रश्न ६ मध्ये आलंच आहे. नाकर्त्या पुढाऱ्यांना मतपेटीतून बदलता येतं, सावकाश का होईना.

१३. राजावर टीका केली तर काय होतं?

देशावर अवलंबून. ब्रिटनमध्ये राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत ‘माझा राजा नाही’ असे फलक घेऊन लोक उभे होते. काहींना पोलिसांनी पकडलंही, त्यावर मोठी टीका झाली.

थायलंडमध्ये फौजदारी कायद्याच्या कलम ११२ खाली राजाच्या अपमानाला एकेका गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षं कैद आहे. हे कलम सौम्य करू असं म्हणत २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा जिंकणारा मूव्ह फॉरवर्ड पक्ष ऑगस्ट २०२४ मध्ये घटना न्यायालयाने विसर्जित केला. प्रश्न ४ मध्ये ‘बंद मार्ग’ म्हणालो तो हा.

१४. एखाद्या देशाला राजा काढायचाच असेल तर अवघड काय आहे?

त्याच्या जागी कोण, हे ठरवणं अवघड आहे. ऑस्ट्रेलियात ६ नोव्हेंबर १९९९ ला सार्वमत झालं. त्या वेळी बऱ्याच लोकांना प्रजासत्ताक हवं होतं. पण मसुद्यात राष्ट्रपती संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडायचा होता, आणि अनेकांना तो थेट लोकांनी निवडायला हवा होता. प्रजासत्ताकवालेच आपसात फुटले. सुमारे ५५ टक्के मतं विरोधात गेली, सहापैकी एकाही राज्यात होकार मिळाला नाही. राणी काहीही न करता जिंकली.

बार्बाडोसने सोपं ठेवलं. सार्वमत नाही, संसदेत दोन तृतीयांश बहुमत, आणि आधीच्या गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन याच ३० नोव्हेंबर २०२१ ला पहिल्या राष्ट्रपती झाल्या. काम तेच, माणूसही तोच, फक्त नेमणूक लंडनच्या नावाने होत नाही. लोकांना न विचारता केलं म्हणून टीका झाली, आणि ती रास्त आहे असं मला वाटतं.

१५. राजा निवडून येतो असं कुठे असतं का? आणि मुलींना गादी मिळते का?

मलेशियात ९ राज्यांना वंशपरंपरागत शासक आहेत, आणि ते आपल्यातून एकाला दर ५ वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात, पाळीपाळीने. भूतानमध्ये जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी २००६ मध्ये स्वतःहून गादी सोडली. २००८ च्या राज्यघटनेनुसार राजाने ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं, आणि संसदेच्या तीन चतुर्थांश मतांनंतर सार्वमताने त्याला काढताही येतं. हे कलम राजवाड्यानेच मसुद्यात घालून घेतलं. सगळ्यात मजेशीर अँडोरा: तिथे दोन सहराजे, एक शेजारच्या स्पेनमधला बिशप आणि दुसरा फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. राजाचं डोकं उडवणाऱ्या देशाचा निवडून आलेला प्रमुख पदसिद्ध राजा!

मुलींचं म्हणाल तर स्वीडनने १९८० मध्ये नियम बदलला आणि थोरली व्हिक्टोरिया धाकट्या भावाच्या पुढे गेली. ब्रिटनने २०१३ मध्ये कायदा केला. स्पेनमध्ये अजून मुलगा आधी. जपानमध्ये मुलीला गादीच नाही. सम्राट नारुहितो यांची एकुलती मुलगी आइको वारस होऊ शकत नाही, आणि तरुण पिढीत राजपुत्र हिसाहितो एकटाच उरला आहे. समानतेचा नियम गादीला लावणं चांगलंच, पण थोरली का आणि धाकटी का नाही, हा प्रश्न मग धाकटीने विचारायचा.

१६. आमदाराचा मुलगा आमदार, कारखान्याच्या अध्यक्षाचा मुलगा अध्यक्ष. मग आपल्यात आणि राजेशाहीत फरक काय?

सोलापूर जिल्ह्यात राहून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पेशवेपद कसं वंशाचं झालं ते प्रश्न ३ मध्ये आहे. पद निवडणुकीचं असलं तरी तिकीट, संस्था, कारखाना हे घरातच राहतं. फरक एवढाच की अशी घराणी पडतात, आणि पडलेली आपण पाहिली आहेत. पण राजेशाहीवर तावातावाने बोलणाऱ्याने पतसंस्थेच्या निवडणुकीत बिनविरोध कोण आलं तेही एकदा बघावं.

१७. चार्ल्स कॉमनवेल्थचा प्रमुख आहे आणि भारत कॉमनवेल्थमध्ये. म्हणजे तो आपलाही राजा झाला की!

नाही. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यात हीच तोड काढली गेली: भारत प्रजासत्ताक होऊनही सदस्य राहील, आणि राजाला फक्त ‘राष्ट्रांच्या मुक्त संघटनेचं प्रतीक’ म्हणून प्रमुख मानेल. भारतावर त्याचा कोणताही अधिकार नाही. गंमत म्हणजे हे प्रमुखपद वंशपरंपरेचं नाही. चार्ल्सला ते मिळावं हे सदस्य देशांच्या नेत्यांनी २०१८ मध्ये लंडनच्या बैठकीत ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत भारतही होता.